सेनापतीचं गाव : अंबाजोगाईचे दगड वाचताना

कंबोडियाच्या उत्तर भागात प्रासात चेन नावाचं एक पडकं मंदिर आहे. भीम आणि दुर्योधनाचं गदायुद्ध तिथे दगडात उभं केलेलं होतं. दोघे समोरासमोर, भोवती पांडव, आणि आपल्या शिष्यांची झुंज बघायला आलेला बलराम. १९७०च्या दशकात, गृहयुद्धाच्या धामधुमीत, चोरांनी या मूर्ती घोट्यापाशी तोडून पळवल्या. पावलं चौथऱ्यांवर तशीच राहिली. २०११ साली दुर्योधन न्यूयॉर्कच्या एका लिलावात विक्रीला निघाला, तेव्हा त्याचे तुटलेले पाय आणि जंगलातली ती पावलं एकाच मूर्तीची असल्याचं उघड झालं. प्रकरण कोर्टात गेलं. अखेर २०१४ साली दुर्योधन, भीम आणि बलराम असे तिघेही मायदेशी परतले.

हे मंदिर ज्या परिसरात आहे त्याचं नाव कोह केर. ख्मेर राजा चौथा जयवर्मन याने अंकोर सोडून इथे राजधानी वसवली. इ.स. ९२८ ते ९४४ एवढाच काळ ती टिकली, पण तेवढ्यात त्याने सुमारे ३६ मीटर उंचीचा पायऱ्यापायऱ्यांचा दगडी मनोरा उभा केला आणि माथ्यावर शिवलिंग स्थापलं. लिंगाचं नाव त्रिभुवनेश्वर. पुढे दरबार पुन्हा अंकोरला हलला आणि कोह केरवर जंगल चढलं. २०२३ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

कंबोडियाच्या सहली आता मराठी प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत सर्रास दिसतात. अंकोरवाटचा सूर्योदय पाहून आलेला माणूस आपल्याकडे विरळा राहिलेला नाही. बीड शहरापासून साधारण नव्वद किलोमीटरवरचं अंबाजोगाई मात्र यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. पाहिलं असलंच तर योगेश्वरीच्या दर्शनापुरतं. आणि तरीही शिव, विष्णू, महाभारत, दगडी मंदिरं, पाण्याची तळी आणि एका पराक्रमी घराण्याचं वैभव हे सगळं इथेही आहे. फरक आहे तो झाकणाऱ्यात. कोह केर जंगलाने झाकलं, अंबाजोगाई गावाने. जंगल साफ करता येतं. नांदतं गाव साफ करता येत नाही, करूही नये. म्हणून हे गाव बघायची रीत वेगळी आहे.

त्रिविक्रमाचा मुलगा

यादवांची राजधानी देवगिरी. ती पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस वसवली. अंबाजोगाई राजधानी कधीच नव्हती. ते होतं सेनापतीचं गाव. या सेनापतीचं नाव खोलेश्वर. यादवांचा सर्वांत बलाढ्य राजा दुसरा सिंघण तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करत होता. त्याच्या दरबारात शार्ङ्गदेव ‘संगीतरत्नाकर’ लिहीत होता आणि त्याच्या सैन्याच्या आघाडीवर खोलेश्वर होता.

खोलेश्वर त्रिविक्रम नावाच्या ब्राह्मणाचा मुलगा. विदर्भाच्या कारभाराशी त्याचा निकटचा संबंध होता, अमरावती जिल्ह्यातलं खोलापूर त्याच्याच नावावरून वसल्याचं मानतात. त्याची हकिकत आपल्याला बखरींतून किंवा दंतकथांतून कळत नाही. ती अंबाजोगाईच्या शिलालेखांतून कळते. शके ११५०, म्हणजे इ.स. १२२८च्या लेखात त्याच्या मोहिमांचं वर्णन आहे. खानदेशातल्या भामेरपासून माळव्यापर्यंतचे राजे त्याने नमवल्याचं हे लेख सांगतात. अशा प्रशस्तीत अतिशयोक्ती असणारच, ती लिहिणाऱ्याचं कामच ते. पण यादवांच्या गुजरातेतल्या स्वाऱ्यांना दुसऱ्या बाजूची साक्षही आहे. गुजरातचा कवी सोमेश्वर याने ‘कीर्तिकौमुदी’त सिंघणाचं सैन्य येतंय या बातमीने तिथल्या प्रजेची कशी गाळण उडाली ते रंगवलं आहे. जिंकणाऱ्याच्या शिलालेखाला हरणाऱ्याच्या काव्याने दुजोरा द्यावा, असं आपल्या मध्ययुगीन इतिहासात फार वेळा घडत नाही.

या कथेचा दुसरा अंक दुःखाचा आहे. खोलेश्वरानंतर त्याचा मुलगा राम सेनापती झाला. तोही सैन्य घेऊन गुजरातवर गेला आणि नर्मदेकाठच्या लढाईत मारला गेला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ मंदिर बांधलं आणि देवाला भावाचंच नाव दिलं : रामनारायण. ही नोंद १२४०च्या शिलालेखात आहे. म्हणजे अवघ्या बारा वर्षांच्या अंतरातले दोन लेख एका घराचा उत्कर्ष आणि त्या घरावर कोसळलेला घाला अशा दोन्ही गोष्टी सांगतात. राजांनी राण्यांसाठी आणि मुलांनी आईवडिलांसाठी बांधलेली मंदिरं पुष्कळ आहेत. बहिणीने भावासाठी बांधलेलं आणि तसं कोरून ठेवलेलं मंदिर शोधायला मात्र वेळ लागेल.

हे लेख आज आपल्याला वाचता येतात याचं मोठं श्रेय ग. ह. खरे यांच्यासारख्या संशोधकांना आहे. शिळेवरचे ठसे घेऊन, अक्षर न् अक्षर लावून त्यांनी दक्षिणेच्या मध्ययुगीन इतिहासाची साधनं छापून प्रसिद्ध केली. खोलेश्वराचं नाव आज अंबाजोगाईत मंदिरालाही आहे आणि महाविद्यालयालाही. पण लक्ष्मीचं नाव गावातल्या किती जणांना ठाऊक असेल?

बाराखांबी

सकलेश्वर मंदिराला गावात सगळे बाराखांबी म्हणतात. पत्ता विचारताना तेच नाव घ्यावं, लगेच वाट कळते. शिखर नाही, भिंतींचा बराच भाग नाही. उरलेत ते प्रामुख्याने खांब, त्यांच्यावरच्या तुळया, छताचा काही भाग आणि जोतं. मंदिर मोडलेलं असल्याचा एक फायदा असतो. अखंड मंदिरात जे दडलेलं राहतं ते इथे उघडं पडतं. एक दगड दुसऱ्यावर कसा बसवला, खाच आणि कूस कशी ठेवली, तुळईचा भार खांबावर कसा उतरवला, हे डोळ्यांनी बघता येतं. चुना नाही, माती नाही. दगडाने दगड धरलेला.

खांब खालून वर वाचत जावा. खाली चौकोनी तळखडा, मध्ये कोरीव पट्टे, वर गेल्यावर चौकोनाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचा गोल होतो. टोकाला कीचक. पोट पुढे काढून, हात वर करून छत तोलणारा हा बुटका गडी यादवकालीन मंदिरांत जागोजागी भेटतो. दर खांबाच्या कीचकाचा चेहरा नीट पाहावा. कारागिराला देवाच्या मूर्तीत नियम मोडायची मुभा नव्हती, कीचकात होती. म्हणून एखादा दमलेला, एखादा हसरा, एखादा अगदी वैतागलेला निघतो.

अशा प्रत्येक मंदिराला आपण डोळे झाकून ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा प्रधान. महादेव गादीवर आला तो १२६०च्या सुमारास. सकलेश्वराचा काळ खोलेश्वराचा, म्हणजे १२२८च्या आसपासचा. हेमाद्रीच्या हाती अधिकार येण्याच्या तीसेक वर्षं आधी इथले दगड जागेवर बसलेले होते. बिनचुन्याच्या बांधकामाची ही पद्धत त्याच्याही कितीतरी आधी, चालुक्यांच्या काळापासून दख्खनेत रुळलेली होती. श्रेय मात्र एका प्रधानाच्या नावावर जमा झालं आणि सेनापती, त्याची मुलगी, सूत्रधार, पाथरवट असे बाकीचे सगळे मागे पडले.

२०२४ साली राज्याच्या पुरातत्त्व विभागाने या परिसरात उत्खनन केलं, तेव्हा सकलेश्वराशेजारी आणखी दोन मंदिरांची जोती सापडली. म्हणजे आज दिसतं ते एकटं मंदिर नव्हे, मंदिरांच्या समूहातला शिल्लक भाग आहे. ही बातमी चार दिवस वर्तमानपत्रांत गाजली आणि विसरली गेली. पण तिचा अर्थ मोठा आहे. आठ शतकं माणसांनी वापरलेल्या जमिनीतही काही फूट खाली गेलं की तेरावं शतक हाताला लागतं.

शिखरं कुठे गेली, हा प्रश्न सगळेच विचारतात. मराठवाड्यात दगडी मंदिरावर विटांचं शिखर चढवण्याची प्रथा होती. तेरच्या उत्तरेश्वर मंदिराच्या विटा तर पाण्यावर तरंगतात. तेलंगणातल्या पालमपेटच्या १२१३ सालच्या रामप्पा मंदिराचं शिखरही अशाच हलक्या विटांचं आहे. वरचा भार कमी करायची ही हुशारी. पण वीट दगडापेक्षा लवकर झिजते, आणि पडली की घरबांधणीला सहज उपयोगी पडते. कित्येक मंदिरं आज बोडकी दिसतात त्याला स्वाऱ्या कारणीभूत आहेत, तसंच ऊन, पाऊस, पिंपळाची मुळं आणि गावाची गरजही कारणीभूत आहे.

थबकलेलं वऱ्हाड

बाराखांबी रचलेली आहे, तर हत्तीखाना कोरलेला. गावालगतच्या या शिवलेणीत खडक खोदून खांबांचा मंडप काढला आहे, समोर अंगण, अंगणात नंदीचा मंडप आणि दगडी हत्ती. लेणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वेरूळ येतं, कारण तिथे खोदाईचा कळस झाला. हत्तीखान्याची गंमत वेगळी आहे. वेरूळनंतर काही शतकांनी, रचीव मंदिरांची चलती असताना, कोणीतरी पुन्हा डोंगरात शिरून मंदिर घडवलं.

इतिहासाला इथे नीटसा जम बसवता आला नाही तरी लोककथेने जागा चोख भरून काढली. कोकणातून योगेश्वरी परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला निघाली. वऱ्हाड या मुक्कामावर थांबलं. परळी इथून फक्त पंचवीस किलोमीटर. पण मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. देवी कुमारिकाच राहिली आणि अंबाजोगाईची झाली. म्हणून हत्तीखान्यातले हत्ती हे लग्नाच्या मिरवणुकीतले हत्ती. चित्पावनांची कुलदेवता कोकण सोडून बालाघाटाच्या माथ्यावर का, या कोड्याचं उत्तरही याच कथेत लोकांनी देऊन ठेवलं आहे. आजही रत्नागिरी-पुण्याकडची घरं लग्नानंतर जोडप्याला इथे आणतात. लग्न न झालेल्या देवीच्या दर्शनाला नवी जोडपी येतात, यात कोणाला विसंगती वाटत नाही.

भिंतीत गेलेले देव

अंबाजोगाईबरोबर धर्मापुरी पाहिलीच पाहिजे. इथलं केदारेश्वर मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं, म्हणजे खोलेश्वरापेक्षा जुनं. मंदिराच्या बाह्यभिंतीला इतके कोन पाडले आहेत की सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुठला ना कुठला कोपरा उजेडात आणि शेजारचा सावलीत असतो. त्या उजेड-सावलीवर देवदेवता आणि सुरसुंदरी उभ्या आहेत. दुपारी बाराला इथे येऊ नये. सगळं सपाट दिसतं.

मंदिराहून जास्त शिकवतो तो धर्मापुरीचा किल्ला. त्याच्या तटात जुन्या मंदिरांचे घडीव दगड बसवलेले आहेत. कुठे खांबाचा तुकडा आडवा, कुठे नक्षीची पट्टी उलटी, कुठे भिंतीतून डोकावणारी मूर्ती. पाहणाऱ्याला आधी संताप येतो, तो स्वाभाविक आहे. पण थोडं थांबलं तर दुसरीही गोष्ट लक्षात येते. त्या तटात बसले म्हणूनच हे दगड राहिले. जे बसले नाहीत ते कुठे गेले याचा पत्ता नाही. कोह केरचा दुर्योधन घरी परतला तो जागेवर उरलेल्या पावलांमुळे. मूर्तीच्या जागेचा पुरावा मूर्तीइतकाच मोलाचा असतो. तटातला उलटा दगडही तसाच पुरावा आहे. धर्मापुरीत एकेकाळी आणखी मंदिरं होती, हे तोच सांगतो.

आधी पाणी, मग देऊळ

ख्मेर राजांच्या राजधान्या आणि मराठवाड्यातली मंदिरं यांच्यात खरं नातं शोधायचं तर ते पाण्यात सापडतं. अंकोरचा पश्चिम बाराय म्हणजे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरहून रुंद असा माणसांनी बांधलेला तलाव. कोह केरलाही असाच मोठा तलाव होता, राहाल नावाचा. मोसमी पाऊस काही महिनेच कोसळतो आणि पाणी मात्र शहराला वर्षभर लागतं, हे गणित तिथलंही आणि आपलंही. फक्त आपल्याकडे ढग जास्त कंजूस. बालाघाटाच्या या पठारावर पाण्याची सोय केल्याशिवाय देऊळ उभं करणं म्हणजे ओसाड देऊळ उभं करणं होतं. म्हणून अंबाजोगाई जयंती नदीकाठी वसली आणि या मुलखातल्या जुन्या मंदिरापाशी कुंड, बारव किंवा तळं बहुधा असतंच.

बीड शहरातलं कंकालेश्वर मंदिर याचं सर्वांत देखणं उदाहरण. ते तळ्याच्या काठी नाही, तळ्यातच आहे. चारही बाजूंनी पाणी, मधोमध दगडी मंदिर. पाऊस चांगला झालेल्या वर्षी भिंतीवरच्या मूर्तींचं प्रतिबिंब पाण्यात दिसतं, दुष्काळात तळ उघडा पडतो आणि जोत्याचे थर मोजता येतात. बीडकरांसाठी हे मंदिर पावसाची मोजपट्टीही आहे. टँकरच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांनी बारवेतला गाळ काढणं आणि मंदिर जपणं ही दोन कामं वेगळी मानायचं कारण नाही. बांधणाऱ्यांनी ती वेगळी मानली नव्हती.

न सुटलेलं गाव

यादवांचं राज्य चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला बुडालं. कोह केरसारखं अंबाजोगाई मात्र रिकामं झालं नाही, कारण गाव राजाच्या आधाराने उभं असलं तरी राजामुळे जिवंत नव्हतं. देवी होती, यात्रा होती, बाजार होता. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी गावाबाहेरच्या दरीत आहे. परंपरा या ग्रंथाचा काळ ११८८ सांगते, म्हणजे खोलेश्वराच्याही आधीचा. पुढे सोळाव्या शतकात दासोपंत इथे आले आणि इथलेच झाले. लाखो ओव्या लिहिणाऱ्या या माणसाने कागद अपुरा पडला की काय कोण जाणे, सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहून काढलं. ती त्यांची पासोडी.

निजामाच्या राज्यात गावाचं नाव मोमिनाबाद झालं आणि घोडदळाची छावणी आली. १९३०च्या दशकात इथल्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुलांना शिकवत होते. पुढे तेच हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी झाले. त्यांच्याच नावाने चालणारं, ग्रामीण भागासाठी म्हणून सुरू झालेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आज गावाची मोठी ओळख आहे. बाहेरगावचा पेशंट रिक्षातून त्या दवाखान्याकडे जाताना तेराव्या शतकातल्या वस्तीवरूनच जात असतो.

कसं पाहावं

पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांना परळीचं रेल्वे स्टेशन सोयीचं, लातूरहूनही एसटी आहे. दसऱ्यानंतर फेब्रुवारीपर्यंत हवा चांगली. नवरात्रात आणि मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेत गाव भरलेलं असतं, तेव्हा देवी पाहावी, दगड पाहू नयेत. एक दिवस अंबाजोगाईला द्यावा : सकाळी लवकर बाराखांबी, मग हत्तीखाना, दुपारी देवीचं दर्शन आणि खोलेश्वर मंदिर, उतरत्या उन्हात मुकुंदराजांची दरी. दुसऱ्या दिवशी धर्मापुरी आणि परळी. बीडमार्गे परतत असाल तर कंकालेश्वर वाटेतच आहे. मूर्तीवर पाणी, तेल, शेंदूर काही घालू नये, खडूने तर अक्षरं मुळीच उठवू नयेत. तिरप्या उजेडात किंवा बॅटरी बाजूने धरली की झिजलेली अक्षरंही दिसतात.

भारताला ही कामं जमत नाहीत असं नाही. १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे लोक अंकोरवाटची डागडुजी करत होते, पुढे झाडांच्या मुळांनी वेढलेल्या ता प्रोमचं कामही भारताने हाती घेतलं. परक्या देशातलं एवढं मोठं मंदिर सावरू शकणाऱ्या देशाला अंबाजोगाईसाठी वेगळं ज्ञान मिळवावं लागणार नाही. इथे अडचण दुसरी आहे. उत्खनन करता येतं ते मोकळ्या जागेत. घराच्या पायरीला, विहिरीच्या काठाला, पारावरच्या शेंदराखाली जे दगड आहेत, तिथे सरकारी खातं पोहोचत नाही.

तिथे गावच पोहोचू शकतं, आणि त्याला पैसा फारसा लागत नाही. कोणत्या आळीत, कोणत्या भिंतीत, कसला घडीव दगड आहे याची एक वही. फोटो, माप, जागा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आठवत असेल तर तो कुठून आणला ते. दगड उचलायचा नाही, कोणाच्या घराला हात लावायचा नाही, मालकाला नोटिशीची भीती घालायची नाही. गावात शाळा-महाविद्यालयं आहेत, मराठी आणि इतिहास शिकणारी मुलं आहेत. दर वर्षी एकेक आळी घेतली तरी काही वर्षांत अशी वही तयार होईल. लक्ष्मीने भावासाठी बांधलेल्या रामनारायणाचे दगड कुठे कुठे वाटले गेले, याचा माग लागलाच तर अशा नोंदींतूनच लागेल.